रात्री आठची रंगीत तालीम: न्यूयॉर्कमध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ स्टुडिओत बसून बघायचं तर

न्यूयॉर्कच्या सहलीत ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ हा एनबीसी या अमेरिकी वाहिनीवरचा विनोदी कार्यक्रम प्रत्यक्ष बघायचं मनात असेल, तर विमानाचं तिकीट काढण्याआधी कार्यक्रमाचं वेळापत्रक बघायला हवं. नवे भाग साधारण सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरू होतात आणि मेच्या मध्यावर संपतात. अख्ख्या हंगामात ते वीसेकच असतात. शाळेच्या सुट्ट्या धरून मेअखेर किंवा जूनमध्ये जाणाऱ्यांच्या वाट्याला म्हणूनच बंद स्टुडिओ येतो. हंगाम चालू असतानाही दर शनिवारी नवा भाग नसतो. दोन-तीन आठवडे सलग झाले की खंड पडतो आणि डिसेंबरच्या मध्यानंतर थेट जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत सुट्टी असते. मधल्या शनिवारी जुना भाग दाखवतात. पुढच्या काही भागांचे होस्ट (त्या भागाचा पाहुणा सूत्रधार) आणि गायक आधी जाहीर होतात. ज्या शनिवारसाठी नवं नाव जाहीर झालंय, तोच शनिवार तुमच्या कामाचा.

हा कार्यक्रम ११ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाला. तेव्हापासून त्याचं घर एकच आहे: मॅनहॅटनमधल्या ३० रॉकफेलर प्लाझा या इमारतीतला ‘एट-एच’ स्टुडिओ. इमारत १९३३ची. हा स्टुडिओ मुळात रेडिओसाठी बांधला होता आणि १९३७पासून प्रख्यात इटालियन वाद्यवृंद-संचालक आर्तुरो तोस्कानिनी इथे एनबीसीच्या सिंफनी ऑर्केस्ट्राचं संचालन करायचे. आज तिथे तीनशेच्या आसपास प्रेक्षक बसतात. दूरचित्रवाणीवर ही जागा प्रशस्त वाटते. आत गेल्यावर कळतं, की कॅमेरे, क्रेन, नेपथ्याच्या भिंती आणि तारा यांतून जे उरतं तेवढ्यात प्रेक्षक बसवलेले असतात. तिकीट मिळणं इतकं अवघड का, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. उरलेलं निम्मं म्हणजे हे तिकीट फुकट असतं. कोणी पैसे मागून ‘पास’ देऊ करत असेल तर तिथूनच मागे फिरा. एनबीसीची पैसे भरून करायची स्टुडिओ सफर असते, पण ती दिवसाची फेरी आहे. तिचा कार्यक्रमाच्या तिकिटाशी काही संबंध नाही.

शनिवारी इथे एक नाही, दोन प्रयोग होतात, हे अनेकांना ठाऊकच नसतं. रात्री ११:३० वाजता थेट प्रक्षेपण सुरू होतं आणि १ वाजता संपतं. त्याआधी रात्री ८ वाजता, पूर्ण वेशभूषेत, पूर्ण नेपथ्यासह आणि वेगळ्या प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होते. दोन्हींची तिकिटं वेगळी, प्रेक्षक वेगळे. एकाच माणसाला दोन्ही बघता येत नाहीत, निवड करावी लागते. बहुतेक जण विचार न करता ११:३० निवडतात, कारण ‘थेट’ या शब्दाचं आकर्षण मोठं आहे. माझं ठाम मत आहे की सहलीला आलेल्या माणसाने ८ वाजताची तालीम मागावी. तालीम सुमारे दोन तास चालते. प्रक्षेपणात मावतील त्याहून जास्त स्किट, म्हणजे छोटी विनोदी नाटुकली, तिथे होतात आणि त्यातली काही तासाभराने कायमची बाद होतात. विनोद लिहिला जातो कसा, हे घरबसल्या दिसतं त्याच्या कैक पट अधिक या आठच्या खेळात दिसतं. शिवाय सव्वादहाच्या सुमारास तुम्ही मोकळे होता. रात्री एक वाजता परक्या शहरात हॉटेलची वाट धरावी लागत नाही.

आत जायचे मार्ग दोन. पहिला ऑगस्टची सोडत. फक्त ऑगस्ट महिन्यात, कार्यक्रमाने दिलेल्या पत्त्यावर एक ईमेल पाठवायचा. एका कुटुंबातून एकच. हंगाम सुरू झाला की त्यातून नावं काढली जातात आणि निवड झालेल्याला दोन तिकिटं मिळतात. तारीख तुम्ही निवडत नाही, तालीम की प्रक्षेपण हेही नाही, आणि कळवतात तेही जेमतेम एक-दोन आठवडे आधी. न्यूयॉर्कमध्ये किंवा जवळपास राहणाऱ्या नातेवाइकांनी हा ईमेल दर ऑगस्टला पाठवावाच. पण व्हिसा, रजा आणि विमान जुळवून येणाऱ्याने याच्या भरवशावर बेत आखू नये.

दुसरा मार्ग स्टँडबाय रांगेचा, म्हणजे आयत्या वेळी रिकाम्या राहिलेल्या जागांसाठीच्या रांगेचा. सहलीला आलेल्यासाठी खरा मार्ग हाच. पूर्वी लोक शुक्रवारची रात्र फुटपाथवर झोपून काढायचे आणि शनिवारी सकाळी ७ वाजता कार्डं वाटली जायची. कोविडनंतर पद्धत बदलली. आता भागाच्या आधीच्या गुरुवारी सकाळी १० वाजता (न्यूयॉर्कची वेळ) ऑनलाइन आरक्षण उघडतं. हे आरक्षण कार्यक्रमाचं नाही, रांगेत उभं राहण्याच्या हक्काचं आहे, हे आधी नीट समजून घ्या. तिथेच ‘तालीम’ किंवा ‘प्रक्षेपण’ यातलं एक निवडायचं असतं. मग शुक्रवारी संध्याकाळी ७ वाजता ४९व्या रस्त्याच्या बाजूला, एनबीसी स्टुडिओच्या पाटीखाली हजर व्हायचं. मध्यरात्री १२ वाजून गेले की क्रमांक घातलेली स्टँडबाय कार्डं देतात. कार्ड घेऊन झोपायला जायचं आणि शनिवारी सांगितलेल्या वेळी परत यायचं. नियमांचे तपशील हंगामागणिक थोडे हलतात, म्हणून त्या आठवड्याचं अधिकृत पान आणि तुम्हाला आलेला ईमेल शब्द न् शब्द वाचा.

या साखळीत कुठे काय बिघडतं ते सांगतो.

सगळ्यात जास्त माणसं गुरुवारीच गळतात. दहा म्हणजे दहा. दहा वाजून पाच मिनिटांनी पान उघडणारा बहुतेक वेळा खूप मागचा क्रमांक घेऊन बसतो किंवा त्याला काहीच मिळत नाही. पावणेदहालाच पान उघडून ठेवा. नाव, ईमेल, फोन एका जागी लिहून तयार ठेवा. हॉटेलच्या लॉबीतल्या डळमळीत वायफायवर किंवा भुयारी रेल्वेत बसून हा उद्योग करू नका. गुरुवारी सकाळची फिरण्याची सुरुवात साडेदहानंतर ठेवली की झालं.

दुसरी चूक कुटुंबाची. आरक्षण माणशी एक असतं. नवऱ्याने केलं म्हणजे बायकोचं झालं, असं होत नाही. चौघांना जायचं तर चौघांनी, चार वेगळ्या ईमेल पत्त्यांवरून, चार फोनवरून एकाच वेळी प्रयत्न करायचा. एवढं करूनही चौघांचे क्रमांक लागोपाठ येतील असं नाही. आणि तुटले तर काय, हे आधीच घरात बोलून ठेवा: दोघांना जागा मिळाली आणि दोघांना नाही, तर दोघं जाणार का? दारात, तरुण कर्मचारी ‘किती जण?’ विचारत असताना हा निर्णय घ्यायला दहा सेकंद मिळतात. तिथे कुटुंबांचे चेहरे उतरलेले दिसतात.

तिसरी अट वयाची. १६ पूर्ण नसलेल्याला प्रवेश नाही. पालक सोबत असले तरी नाही. पासपोर्टवरची जन्मतारीख बघतात. भारतातून गेलेल्यांनी मूळ पासपोर्ट न्यावा. फोनमधला फोटो किंवा झेरॉक्स ओळखपत्र म्हणून धरून चालू नका. आरक्षणातलं नावही पासपोर्टप्रमाणेच लिहा. आपल्याकडे घरात एक नाव आणि कागदावर वडिलांच्या नावासकट दुसरं, असं असतं. तिथे कागदावरचंच चालतं.

चौथा शत्रू झोप. भारतातून आलेल्या माणसाला पहिले तीन-चार दिवस संध्याकाळी सातपासून पेंग येते आणि पहाटे तीनला टक्क जाग. न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे ८ वाजतात तेव्हा भारतात, उन्हाळी वेळ चालू असेल तर, पहाटेचे साडेपाच असतात. शुक्रवारी सकाळी उतरून संध्याकाळी सात ते बारा फुटपाथवर उभं राहणं शरीराला झेपत नाही. झेपलं तरी शनिवारी अंधाऱ्या स्टुडिओत डोळे मिटतात. सोमवार-मंगळवारपर्यंत पोचणं बरं.

शुक्रवारच्या त्या पाच तासांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तयारी करायची ती इथेच. ४९वा रस्ता उंच इमारतींमधल्या फटीसारखा आहे आणि वारा त्यातून सरळ वाहतो. डिसेंबर ते मार्च रात्री तापमान शून्याच्या आसपास किंवा खाली जाणं नेहमीचं. चालताना जे जाकीट पुरतं ते उभं राहताना पुरत नाही. आतून थर्मल, वर लोकर, त्यावर वारा अडवणारं जाकीट आणि पायात जाड मोजे. थंडी सगळ्यात आधी तळव्यांतून चढते, कारण पाय थंड फरशीवर स्थिर असतात. एखादा पुठ्ठा किंवा जाड वर्तमानपत्र पायांखाली घेतलं तर फरक लगेच जाणवतो. घडी होणारं छोटं स्टूल सोबत असावं. ते शनिवारी मात्र नेऊ नका. फोनसाठी पॉवर बँक न्या, कारण थंडीत बॅटरी भराभर उतरते आणि आरक्षणाचा ईमेल फोनमध्येच असतो. तो ईमेल छापून खिशात ठेवणारा निर्धास्त असतो.

सातच्या आधी पोट आणि लघवी दोन्ही उरकून घ्या. रॉकफेलर सेंटरच्या तळघरातल्या दुकानांच्या भागात स्वच्छतागृहं आहेत, पण ती रात्रभर उघडी नसतात. जागा धरून ठेवायला कोणाला उभं करून जेवायला जाणं, किंवा मागून येणाऱ्या मित्राला मध्ये घुसवणं, हे चालत नाही आणि रांगेतले लोकही चालू देत नाहीत. चहा-कॉफी बेताने प्या. जेवणाची सोय कार्ड मिळाल्यानंतरची ठेवावी. चार रस्ते वर, ५३वा रस्ता आणि सहावा अॅव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावर ‘द हलाल गाइज’ची गाडी उशिरापर्यंत चालू असते. तिथे भात, सॅलड आणि पांढरा सॉस घातलेली फलाफलची ताटली मिळते आणि ती शाकाहारी माणसालाही पोटभर होते. त्यांचा लाल सॉस मात्र चाखून मगच ओता, तो मिरचीवर वाढलेल्या जिभेलाही झोंबतो.

येण्याजाण्याबद्दल एकच बारकावा. जवळचं स्टेशन ‘४७–५० स्ट्रीट्स रॉकफेलर सेंटर’. फलकावर तिथे बी, डी, एफ आणि एम अशा चार गाड्या लिहिलेल्या दिसतात. शनिवारी त्यातल्या बी आणि एम तिथे येत नाहीत. डी किंवा एफ धरा. शनिवार-रविवारी रुळांची कामं चालू असतात, त्यामुळे याही गाड्यांचा मार्ग बदललेला असू शकतो. हॉटेल फार लांब नसेल तर चालत जाणं उत्तम. डिसेंबरमध्ये रॉकफेलरचं नाताळचं झाड बघायला इतकी गर्दी उसळते की पाचव्या अॅव्हेन्यूकडून शंभर पावलं टाकायला पंधरा मिनिटं लागतात. त्या दिवसांत सहाव्या अॅव्हेन्यूच्या बाजूनेच या.

शनिवारी कार्डावरच्या क्रमांकाप्रमाणे रांग लागते. आता सुरू होतो खरा अनिश्चित भाग. कार्ड म्हणजे प्रवेश नव्हे. स्टुडिओच्या जागा आधी सोडतीतल्या तिकीटधारकांना आणि कलाकार, पाहुणे, वाहिनीची माणसं यांच्या निमंत्रितांना जातात. त्यातले जे येत नाहीत तेवढ्याच जागा स्टँडबायच्या. कोण आलं नाही हे शेवटपर्यंत कळत नाही, म्हणून रांग पुढे सरकते तीही धक्क्याधक्क्याने: वीस मिनिटं काही नाही, मग एकदम बारा जण आत. होस्ट किंवा गायक फार लोकप्रिय असेल तर निमंत्रित सगळे येतात आणि स्टँडबायचे मोजकेच जण आत जातात. नाव कमी गाजलेलं असलं की रांग बरीच आत शिरते. म्हणून आवडत्या ताऱ्याच्या मागे न लागता कमी झगमगाटाचा आठवडा निवडणं शहाणपणाचं, आणि विनोद त्या आठवड्यात कमी चांगला होतो असं अजिबात नाही. उलट कसलेला विनोदी नट होस्ट असला की लेखकांच्या हाताला वेग येतो.

सुरक्षा तपासणी विमानतळासारखी आहे. खरेदीच्या पिशव्या, सुटकेस, मोठी पाठपिशवी, पाण्याची बाटली यांतलं काही आणू नका. सामान ठेवून घेण्याची सोय गृहीत धरू नये. त्या दिवशी हॉटेल सोडायचं असेल तर बॅगा हॉटेलातच ठेवायला सांगा. पुढची व्यवस्था ‘पेज’ बघतात. एनबीसीचा पेज म्हणजे गणवेशातला तरुण प्रशिक्षणार्थी, आणि ही पद्धत १९३३पासून चालत आलेली आहे. कुठे बसायचं हे तेच ठरवतात. ‘आम्हाला एकत्र बसवा’ असं नम्रपणे एकदा सांगायला हरकत नाही, पण स्टँडबायच्या जागा म्हणजे सुट्या भोकांत भरलेली माणसं. एकेकट्याला चटकन जागा सापडते, जोडीला थोडी वेळाने.

खाली, मुख्य रंगमंचासमोर काही खुर्च्या असतात आणि बाकीचा प्रेक्षक वरच्या सज्जात. खालच्या खुर्चीचं सगळ्यांना अप्रूप असतं. तिथून मोनोलॉग, म्हणजे होस्टचं सुरुवातीचं एकट्याचं भाषण, हाताच्या अंतरावर दिसतो हे खरं, पण कडेला चाललेली स्किट तिथून धड दिसत नाहीत. कॅमेरा समोर आला की नटाची पाठ आणि कॅमेरामनचा खांदा एवढंच दिसतं. सज्जातून चित्र लहान पण पूर्ण दिसतं. एका टोकाला स्किट चालू असताना दुसऱ्या टोकाला पुढच्या स्किटचं स्वयंपाकघर चाकांवरून ढकलत आणतात, हे फक्त वरून दिसतं. मला विचाराल तर सज्जाचा मधला भाग सर्वांत चांगला. जे आड येईल ते टांगलेल्या मॉनिटरवर बघायचं. पण मॉनिटरवर नजर खिळवू नका. तो घरीही असतो.

आत गारवा असतो. दिव्यांची उष्णता, रंगवलेले चेहरे, विग आणि जड वेश यांच्यासाठी हवा थंड ठेवतात. बाहेर ऊन असलं तरी पूर्ण बाह्यांचं काही तरी अंगावर हवं. फोन बंद. फोटो नाही, ध्वनिमुद्रण नाही. तालमीत बघितलेला विनोद ११:३० आधी कुठेही लिहू नका. ज्याने तो आठवडाभर घडवलाय, त्याच्या पानात त्याच्या आधी हात घालण्यासारखं आहे ते. मध्येच उठून बाहेर गेलात तर परत सोडतील याची खात्री नाही.

सुरुवातीला बँड वाजतो आणि कलाकारांपैकी कोणी येऊन प्रेक्षकांना हसायच्या तयारीत आणतो. हे नुसतं मनोरंजन नसतं. प्रेक्षकांच्या डोक्यावर मायक्रोफोन टांगलेले असतात आणि कार्यक्रमात ऐकू येणारा हशा खोलीतला खरा हशा असतो. थंड, अनोळखी, तासन् तास ताटकळलेल्या तीनशे माणसांचा एकजीव प्रेक्षक बनायला काही मिनिटं लागतात, आणि ती पहिल्या स्किटवर खर्च करणं परवडत नाही. आपल्याकडचे नाट्यरसिक इथे एक गोष्ट सवयीने करतात: हसू दाबून शेवटी टाळ्या वाजवतात. इथे उलट हवं. हसू आलं तसं मोकळं हसा आणि लगेच थांबा. वाक्याच्या मध्ये टाळ्या पडल्या की नटाला थांबावं लागतं आणि ठरलेला वेळ सरकतो. ओरडून दाद देणं, शिट्टी, होस्टला हाक मारणं, यातलं काही नको.

मग ‘लाइव्ह फ्रॉम न्यूयॉर्क’ची आरोळी होते, मोनोलॉग, स्किट, गाणं, मध्यावर ‘वीकेंड अपडेट’च्या विनोदी बातम्या, पुन्हा स्किट, दुसरं गाणं. क्रम घरी दिसतो तोच. पण नजर कुठे ठेवायची ते सांगतो.

जाहिरातीच्या वेळात बघा. दोन-तीन मिनिटांत एक बैठकीची खोली जाते आणि तिच्या जागी विमानाचा अंतर्भाग किंवा दवाखाना उभा राहतो. होस्ट धावत कडेला जातो आणि तीन-चार जण एकाच वेळी त्याचा विग, बूट, शर्ट बदलतात. कोणी ओरडत नाही. प्रत्येकाला आपली जागा ठाऊक असते. सगळ्यांत जड नेपथ्य बदलायचं असेल तिथे आधी चित्रित केलेली छोटी फिल्म लावलेली असते. तिचं शूटिंग बहुधा शुक्रवारी झालेलं असतं. प्रेक्षक ती मॉनिटरवर बघतो आणि खाली कामगार भिंती हलवत असतात. फिल्म नंतर कधीही बघता येईल. भिंती मात्र आत्ताच बघून घ्या.

दुसरं, पांढरे पुठ्ठे. इथे संवाद दाखवायला पडद्यावरचा प्रॉम्प्टर वापरत नाहीत. हाताने लिहिलेले मोठे पुठ्ठे कॅमेऱ्याच्या बाजूला धरतात, वेगवेगळ्या पात्रांच्या ओळी वेगवेगळ्या रंगांत. घरी बघताना नट समोरच्याकडे न बघता किंचित बाजूला का बघतोय असं वाटतं, त्याचं कारण हे पुठ्ठे. पाठांतराला वेळच नसतो: सोमवारी कल्पना, मंगळवारी रात्रभर लेखन, बुधवारी चाळीसेक स्किटचं एकत्र वाचन, गुरुवार-शुक्रवार तालमी. आणि तालीम ते प्रक्षेपण या दीड तासात ओळी बदलतात. यंत्र बंद पडू शकतं. पुठ्ठ्यावर पांढरी पट्टी चिकटवून नवी ओळ लिहायला मार्कर पुरतो. पुठ्ठे धरणाऱ्याचं काम जवळून बघा. तो नटाबरोबर वाक्य मनात म्हणत असतो आणि शेवटच्या शब्दाला पुठ्ठा सरकवतो. क्षणभर लवकर सरकला तर विनोद गेला.

तिसरं, शांतता. तालमीत एखादं स्किट पडतं तेव्हा ती शांतता अंगावर येते. निर्माते लॉर्न मायकल्स तालीम सज्जाखाली बसून मॉनिटरवर बघतात, टिपणं सांगत. तुमच्या पायाखाली बसलेला माणूस तुमचा हशा ऐकून ठरवतोय काय ठेवायचं. तालीम संपली की लगेच बैठक होते: काही स्किट बाद, काही पुढे-मागे, कुठे दोन पानं छाटलेली, कुठे शेवट नवा. म्हणून तालमीचा प्रेक्षक नुसता पाहुणा नसतो. पुढे जुने भाग पुन्हा दाखवताना काही वेळा प्रक्षेपणातलं स्किट काढून तालमीतलंच घालतात. ते जास्त बरं झालेलं असतं तेव्हा. त्यातला हशा आठच्या प्रेक्षकांचा असतो.

भाषेबद्दल. इंग्रजी उत्तम येतं तरी विनोद निसटतात, कारण अर्धे विनोद त्या आठवड्यातल्या अमेरिकी राजकारणावर आणि जाहिरातींवर असतात. बुधवारपासून रोज पंधरा मिनिटं तिथल्या बातम्यांचे मथळे वाचा. होस्टचं एखादं गाजलेलं काम बघून ठेवा आणि आधीच्या एक-दोन आठवड्यांचे भाग बघा, कारण पात्रं परत परत येतात. ज्येष्ठांना सोबत नेत असाल तर हे आवर्जून करा. न समजलेल्या दोन तासांचा शीण मोठा असतो. मध्ये कानात अनुवाद सांगत बसणंही शक्य नाही, वरचा मायक्रोफोन तेही टिपतो.

जागा मिळाली नाही तर? मग त्याच इमारतीत सोमवार ते गुरुवारचे कार्यक्रम आहेत: जिमी फॅलनचा ‘द टुनाइट शो’ सिक्स-बी स्टुडिओत आणि सेठ मायर्सचा ‘लेट नाइट’ एट-जीमध्ये. दोन्ही रात्री उशिरा दिसतात पण चित्रीकरण संध्याकाळी होतं, त्यामुळे हे सहलीत बसवणं सोपं. फुकट तिकिटं ‘वन आयोटा’ या संकेतस्थळावर मागायची. मागणी केली म्हणजे तिकीट मिळालंच असं नाही. आधी प्रतीक्षायादी, मग ईमेल, आणि त्या ईमेलमध्ये तुमचं तिकीट प्राधान्याचं आहे की साधं, ते लिहिलेलं असतं. जागांपेक्षा जास्त तिकिटं मुद्दाम वाटतात, कारण फुकट तिकिटाचे बरेच लोक येतच नाहीत. म्हणून साध्या तिकिटावर वेळेच्या बरंच आधी पोचा. चित्रीकरण थेट प्रक्षेपणासारखं, जवळजवळ न थांबता होतं. ‘टुनाइट शो’मध्ये जाहिरातीच्या जागी ‘द रूट्स’ हा बँड जे वाजवतो ते घरी ऐकू येत नाही, तेवढ्यासाठीही जावं. मला विचाराल तर सहलीच्या आधीच्या महिन्यातच यातलं एक मागून ठेवावं आणि शनिवार हा वरचा लाभ समजावा.

शनिवारी तालीम बघून निघालात की वाटेत रेंगाळू नका. अकरापर्यंत हॉटेलवर या, तोंड धुवा, ११:३० ला टीव्हीवर चॅनेल ४ लावा. न्यूयॉर्कचं एनबीसी तेच. हाताशी कागद घ्या आणि तुम्ही पाहिलेली स्किट आठवून लिहून ठेवा. मग एकेकासमोर खूण करत जा: हे आलं, हे गळालं, हे शेवटी होतं ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं, इथे तो एक शब्द बदलला आणि आता हशा आला. तुम्ही सगळे गप्प बसला होतात ते स्किट बहुतेक दिसणारच नाही. पोट धरून हसला होतात तेही काही वेळा दिसत नाही, वेळ पुरत नाही म्हणून. ते स्किट त्या रात्री फक्त तुमच्या तीनशे जणांपुरतं झालेलं असतं.